बाबांच्या रिपोर्टमधलं टीपी५३ मुलाबाळांत येतं का?

भाऊ, बाबांच्या गालाच्या गाठीच्या तपासणीत ‘टीपी५३ पॅथोजेनिक’ (टीपी५३ या जीनमध्ये रोग घडवणारा बिघाड) आलं, म्हणून बहिणीच्या सोयरिकीत हे सांगावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी रिपोर्टवर ‘स्पेसिमेन’ (नमुना) या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे पॅराफिन ब्लॉक किंवा ‘एफएफपीई’ (दोन्हींचा अर्थ मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) असेल, तर तपासणी गाठीची झाली आहे, बाबांच्या रक्ताची नाही. सगळा फरक इथेच आहे.

टीपी५३ म्हणजे पेशीची वेसण. डीएनए बिघडला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती जमलीच नाही तर पेशीला मारतं. अशा जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बहुतेक ट्यूमर सप्रेसर (गाठ होऊ न देणाऱ्या) जीनमध्ये दोन्ही बिघडल्याशिवाय वेसण सुटत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगावरून नुडसन या संशोधकांनी १९७१ मध्ये हे मांडलं. टीपी५३ त्याहून नाजूक. त्याचं प्रथिन चौघांच्या जुडीनं काम करतं, म्हणून एकाच प्रतीतून आलेलं खराब प्रथिन चांगल्यांनाही निकामी करू शकतं. गालाच्या गाठीत हा बिघाड बहुधा असा येतो: तंबाखू-सुपारीचा खर्रा तासन्तास गालात धरला की तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कर्करोग घडवणारी रसायनं तिथल्या डीएनएला चिकटतात आणि नक्कल करताना चुका होतात. ही चूक गालाच्या पेशीतली आहे, ती मुलांकडे जात नाही. सोयरिकीत सांगण्यासारखं यात काही नाही.

रिपोर्टमध्ये ‘व्हीएएफ’ (नमुन्यातल्या जीनच्या प्रतींपैकी बिघडलेल्या किती) ५० टक्क्यांच्या आसपास दिसला तरी घाबरू नका. जन्मजात बिघाडात असा आकडा येतो, तसा नुसत्या गाठीतही येतो. घराण्यात कोणाला ३१ व्या वर्षाआधी स्तनाचा कर्करोग, लहानपणी मेंदूची किंवा अॅड्रिनल ग्रंथीची गाठ, तरुणपणी हाडाचा सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग) झाला असेल, तरच जन्मजात बिघाडाची शंका धरून आधी बाबांचं रक्त तपासा, बहिणीचं नाही. जन्मजात असेल तर प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, ३ ते ५ मिली. हिरव्या टोपणाची नको, त्यातलं हेपॅरिन हे औषध पीसीआर (तपासणीसाठी डीएनएच्या प्रती काढणं) अडवतं. नळी लगेच आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायला सांगा, नाहीतर गुठळी होते. मे महिन्यात एसटीनं नागपूरला पाठवणार असाल तर थंड डब्यातच, पण बर्फाला चिकटवून नको. थंडीनं रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात.

आणि गाठीचा हा रिपोर्ट पाहून बाबांचे शेक (रेडिएशन) थांबवू नका. टीपी५३मुळे रेडिएशन शक्यतो टाळतात ते जन्मजात बिघाड असलेल्यांत.