जगप्रसिद्ध चित्राची प्रत करून ऑइल पेंटिंग शिकता येतं का? कोणतं चित्र घ्यावं, रंग कोणते?

येतं. "प्रत म्हणजे चोरी" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आमच्या घरात असे एक आहेत, माझे मामा. जन्मभर ड्रॉइंग शिकवलंय त्यांनी.

मी डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या डुलवाली मुलगी घेतली होती. मूळ चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे त्याच मापाचा कॅनव्हास परवडतो. शहापुरात आमच्या माडीवर ऐन जुलैत काम चाललेलं. बेळगावचा पाऊस माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. बर्न्ट अंबरचा, म्हणजे तपकिरी रंगाचा, खालचा थर वाळला, पण आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग आठवडा उलटला तरी बोटाला चिकटत होता. त्यात मामा आले. बघितलं आणि म्हणाले, "काय करूलैस हे? झेरॉक्स? किल्ल्याच्या तळ्यावर जाऊन बस, दिसतंय ते काढ."

तळ्यावर मीही बसलेय. नजर तिथे तयार होते, कबूल. पण रंगाचे थर कसे चढवायचे ते तळं सांगत नाही. ते या मुलीनं सांगितलं. नाकाची कड शोधत बसले, तर नाकाचा दांडा सरळ गालातच विरलेला. मोत्याला ना कड, ना कानात अडकवायची कडी. वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब, संपलं. नुसतं बघून हे पटतं, पण ब्रश धरला की हात पुन्हा पुन्हा गोल काढायलाच जातो. मागची काळोखी बाजूही मुळात नुसती काळी नव्हती. काळ्यावर पारदर्शक हिरवा थर होता, त्याचा रंग काळानं गेला. मी विरिडियन हा हिरवा रंग जवसाच्या तेलात पातळ करून तो परत चढवला, आणि ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या रंगावर पारदर्शक थर देणं, काय असतं ते मला तिथे कळलं. यावर मामा म्हणे, "ही मूळ चित्राशी बेइमानी." हुबेहूब केलं तर झेरॉक्स, बदललं तर बेइमानी!

रंगांचं म्हणाल तर अल्ट्रामरीन, यलो ओकर, अंबर, काळा, एक लाल आणि टायटॅनियम व्हाइट. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता, तो शोधत फिरू नका, विषारी असतो. खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइननं डोकं धरतं. आणि हो, पावसाळ्यात सुरू करू नका. अख्खं चित्र झेपत नसेल तर नुसता तिच्या डोक्यावरचा फेटा करा. प्रत विकायची असेल तर माप बदला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातसुद्धा मूळच्या मापाची प्रत करू देत नाहीत.

मामांना अजून पटलेलं नाही. पन्नाशी ओलांडलेला नामवंत चित्रकार रुबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला आधीच्या काळातल्या टिशियनच्या चित्रांच्या प्रती करत होता, हे सांगितलं तर म्हणाले, "त्याला आधीच येत होतं." मग प्रती कशाला करत होता, असं विचारल्यावर त्यांनी चहा मागितला.