बाटली उघडण्याआधी पाणी मोजा

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांविषयी अलीकडे आलेल्या पत्रांत प्रवाळ 'अचानक' मेल्याची तक्रार वारंवार आढळते आणि त्यांपैकी बहुतेक पत्रांत पाणी मोजल्याचा एकही आकडा नसतो. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज बोटभर उतरते. भर घालताना मिठाचे पाणी घालावे की गोडे? (ठाणे)

गोडे, उडते ते पाणी, मीठ टाकीतच राहते.

घरच्या आरओचे पाणी समुद्री मिठात कालवून वापरले तर चालेल का? नळाचे तर वापरत नाही. (पुणे)

घरगुती आरओ पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. चव राहावी म्हणून त्यात टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाची) झडप असते आणि तिच्यातून आरओच्या पडद्यातून न गेलेले थोडे पाणी पुन्हा मिसळले जाते. काही यंत्रांत खनिजांचे, तर हल्ली कौतुकाने तांब्याचेही कार्ट्रिज बसवलेले असते. तांबे माणसाला मानवत असेल, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना ते अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. टाकीसाठी आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषून घेणारे दाणे) लावलेले वेगळे यंत्र घ्यावे आणि मीटरवर टीडीएस 0 दिसेल तेच पाणी वापरावे. माशांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून तांब्याचे औषध प्रवाळांच्या टाकीत ओतणाऱ्यांसाठीही हेच उत्तर आहे: मासे वेगळ्या टाकीत हलवा आणि औषधाची मात्रा मत्स्यवैद्यकाला विचारूनच ठरवा.

चार महिन्यांपूर्वी 4 × 2 × 2 फुटांची टाकी सुरू केली. दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅल्शियमच्या आणि 'केएच'च्या बाटलीतले रोज दोन-दोन झाकणे टाकतो. आता अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांच्या कठीण प्रवाळाची) टोके पांढरी पडली असून बुडख्याकडून कातडी सुटते आहे. आणखी कोणती बाटली आणावी? (नाशिक)

कोणतीही आणू नये, आणि ज्या आहेत त्याही पाणी मोजून होईपर्यंत बंद ठेवाव्यात.

पत्रात टाकीचे माप आहे, झाकणांची संख्या आहे, पण अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, किती हे नाही, आणि नेमका तोच आकडा मला हवा होता. बाटलीवरचे 'केएच' ते हेच, आणि ते डीकेएच या एककात मोजतात. कठीण, म्हणजेच दगडी, प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, त्यामुळे ही दोन्ही द्रव्ये पाण्यातून ठरलेल्या प्रमाणात कमी होतात. अल्कलिनिटी 2.8 डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त 20 पीपीएमने (दशलक्ष भागांत 20 भागांनी) उतरते. 420 पीपीएममधून 20 गेले तर प्रवाळाला त्याचा पत्ताही लागत नाही, परंतु 8 डीकेएचमधून 2.8 जाणे म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक साठा संपणे होय. म्हणून आधी अल्कलिनिटी मोजायची, तीही रोज एकाच वेळी, कारण दिवे लागलेले असताना ती अधिक वेगाने खर्च होते. दोन-तीन दिवस काहीही न घालता ती किती उतरते हे पाहिले की टाकीची रोजची गरज समजते, आणि तेवढीच भर घालायची असते. लहान प्रवाळांच्या चार महिन्यांच्या टाकीत ही गरज बहुधा इतकी कमी असते की मीठ कालवलेल्या पाण्याच्या नियमित बदलातूनच ती भागते. त्यावर रोज झाकणे ओतत राहिल्यास अल्कलिनिटी 11-12 वर चढते, आणि नायट्रेट व फॉस्फेट शून्याला टेकलेले असतील तर टोके जळतात. आकडा 8 असो वा 9, तो हलता कामा नये.

राहिली ती बाटली. 'केएच' वाढवणाऱ्या महागड्या बाटल्यांतील मुख्य द्रव्य बहुधा सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असते, आणि बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे). 100 लिटर पाण्याची अल्कलिनिटी 1 डीकेएचने वाढवायला सुमारे 3 ग्रॅम शुद्ध सोडा पुरतो. तो डीआयच्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालावा आणि एका दिवसात याहून जास्त वाढ करू नये. हिशेबात काचेच्या मापावरून निघणारे 450 लिटर धरू नयेत, कारण दगड आणि वाळू वजा जाता पाणी बरेच कमी असते. तूर्त मात्र काहीच न घालता अल्कलिनिटी, कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट, खारेपणा आणि तापमान यांचे आकडे मला कळवावेत, आणि अल्कलिनिटी दुसऱ्या कंपनीच्या किटवर एकदा पडताळावी. कातडी बुडख्याकडून वर सरकतच असेल, तर उत्तराची वाट न पाहता जवळच्या अनुभवी टाकीधारकाला बोलावून निरोगी फांद्या कापून वेगळ्या कराव्यात. अशा वेळी एक दिवसही फार होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचा तुकडा मिळाला. शोभेसाठी टाकीत ठेवू का? (कुडाळ)

नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते संरक्षण मेलेल्या तुकड्यालाही लागू आहे. 'किनाऱ्यावर पडलेलेच तर आहे, सगळेच नेतात' हा बचाव नव्हे. आयात केलेला प्रवाळ विकणाऱ्याकडूनही कागदपत्रे मागावीत, कारण दगडी प्रवाळांचा व्यापार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतो. कागद दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर खरेदी करू नये, आणि नोंदणीबाबत वन विभागाच्या कार्यालयात विचारावे.

दगडावर पॅलिथोआ (प्रवाळांच्या जवळचा, दगडावर पसरणारा मऊ जीव) माजला आहे. दगड उकळून काढला की साफ होतो, असे एका मित्राने सांगितले. (मुंबई)

कृपया असे करू नका. पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते, आणि दगड उकळल्यावर ते वाफेबरोबर घरभर पसरते. अशा प्रकारांत संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात पोहोचलेली आहेत. ब्रशने सुका घासणे किंवा गरम पाण्याचा फवारा मारणे तितकेच धोक्याचे आहे. दगडाला हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ताप, धाप, तोंडात कडवट चव, स्नायूंत वेदना किंवा डोळ्यांची जळजळ जाणवल्यास सकाळपर्यंत थांबू नये, आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द लिहून द्यावा, कारण अन्यथा हा फ्लू समजला जाण्याचा संभव आहे.

वीज चार-पाच तास गेली तर आधी कशाची सोय करावी? (सातारा)

पाण्याच्या हालचालीची. बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरेसा आहे. दिवे थांबू शकतात.