स्प्रिंग कापू नको, भाऊ

गाडीची उंची कमी करून ती खाली बसवायची तुझी हौस समजते. पण गॅरेजवाला ग्राइंडर काढून स्प्रिंगचा वेढा कापतो म्हणाला, तर तिथूनच गाडी परत आण. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की बैठकीतून सरकते, शॉकअप (धक्के जिरवणारा दांडा) तळाला आदळतो. मी अशा एका गाडीचं चाक काढून पाह्यलं तेव्हा शॉकअपवर तेलाचा ओघळ अन् त्याला चिकटलेली काळी माती! करायचंच तर लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवायलाच बनवलेली स्प्रिंग, अन् तिच्याशी जुळणारे शॉकअप घे, नंतर चाकांची अलाइनमेंट कर. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात. नियमातला स्पीडब्रेकरच १० सेंमी उंच, गावातल्याचं तर विचारूच नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही अशा फेरफाराला बंदी आहे. आधी चार माणसं बसवून सायलेन्सरखाली टेप लावून जमिनीपासूनचं अंतर मोज.