प्रकाशाला वजन असतं का?

प्रश्न : ‘ई बरोबर एमसी वर्ग’ खरं असेल, तर ऊर्जा असलेल्या प्रकाशाला वस्तुमान असायलाच हवं. मग पुस्तकात फोटॉनचं, म्हणजे प्रकाशकणाचं, वस्तुमान शून्य का दिलंय?
– बारावीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : शून्यच बरोबर आहे. तू लिहिलेलं सूत्र अपुरं आहे, ते स्थिर वस्तूपुरतं आहे. पूर्ण सूत्र असं : ऊर्जेचा वर्ग = (संवेग × प्रकाशवेग)² + (वस्तुमान × प्रकाशवेग²)². वस्तू जागेवर असली की संवेग शून्य होतो, पहिलं पद गळतं आणि तुझं सूत्र उरतं. प्रकाश कधीच जागेवर नसतो. त्याचं दुसरं पद शून्य, सगळी ऊर्जा पहिल्या पदात; म्हणून त्याचा संवेग = ऊर्जा ÷ प्रकाशवेग. संवेग म्हटलं की हाताला ‘वस्तुमान गुणिले वेग’ लिहायची सवय असते, आणि गोंधळ तिथेच होतो. ते सूत्र प्रकाशापेक्षा फार हळू जाणाऱ्या वस्तूंचं आहे.

जुन्या पुस्तकांत ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून ‘गतिमान वस्तुमान’ काढलेलं दिसेल. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनसाठी ते सुमारे ४ × १०⁻³⁶ किलो येतं. आकडेमोड चुकीची नाही, पण ते ऊर्जेचंच दुसरं नाव झालं. ते वापरू नकोस.

एक मात्र खरं, आणि मला ते फार सुंदर वाटतं : आतून आरसे लावलेल्या डब्यात प्रकाश कोंडला, तर डब्याचं वस्तुमान वाढतं. उलटसुलट जाणाऱ्या फोटॉनांचे संवेग एकमेकांना मारतात, ऊर्जा मात्र शिल्लक राहते. विजेच्या एका युनिटएवढा, म्हणजे ३६ लाख जूल प्रकाश कोंडला तर वाढ ०.०४ मायक्रोग्रॅम.

प्रश्न : किरणोत्सवात अंबाबाईच्या मूर्तीवर पडणाऱ्या किरणांचा भार येतो का?
– वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : भार नाही, दाब येतो. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून जवळजवळ आडवे आत येतात, त्यामुळे त्यांचा रेटाही आडवाच असतो. क्षितिजालगतचा सूर्य धूळ आणि बाष्पातून येतो, म्हणून चौरस मीटरला १०० वॅट धरू. त्याला प्रकाशवेगाने (सेकंदाला ३० कोटी मीटर) भागलं की दाब येतो ०.३३ मायक्रोपास्कल. पृष्ठभाग प्रकाश शोषून घेणारा असेल तर एवढा. आरशासारखा परतवणारा असेल तर दुप्पट, कारण किरणाला थांबवून उलट फिरवावं लागतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला कोल्हापुरात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा चौरस मीटरला सुमारे १००० वॅट मिळतात. हजार चौरस फुटांच्या काळ्या गच्चीवर त्या प्रकाशाचा एकूण रेटा सुमारे ३० मिलिग्रॅम वजनाइतका, म्हणजे गुजरीतल्या सराफांच्या पाव गुंजेएवढा. गच्चीला तो जाणवत नाही, पण अवकाशात घर्षण नसल्याने तो साठत जातो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये १४ मीटर बाजूच्या चौकोनी शिडावर असाच रेटा घेऊन वेग वाढवून दाखवला.

प्रश्न : शाळेतल्या काचेच्या फुग्यातली, एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत पात्यांची भिंगरी उन्हात फिरते. तो प्रकाशाचाच दाब ना?
– विज्ञान शिक्षक, कागल

उत्तर : नाही, आणि याचा पुरावा तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. दाबामुळे फिरली असती तर चकचकीत बाजूवर जास्त रेटा बसून ती बाजू मागे गेली असती. प्रत्यक्षात काळी बाजू मागे जाते. फुग्यात थोडी हवा उरलेली असते. काळी बाजू जास्त तापते, आणि पात्याच्या कडेशी गार बाजूकडून तापलेल्या बाजूकडे हवा सरकते. तिची प्रतिक्रिया पात्याला फिरवते. फुगा उन्हातून काढून फ्रीजमध्ये ठेवा : काळी बाजू लवकर गार होते आणि भिंगरी काही वेळ उलटी फिरते. हवा पूर्ण काढली तर ती थांबते, कारण खरा प्रकाशदाब टाचणीवरच्या घर्षणाला पुरा पडत नाही. म्हणूनच रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी १९०० च्या सुमारास हा दाब मोजताना टाचणी टाळून पाती बारीक तारेला टांगली, ती पातळ धातूची घेतली म्हणजे दोन्ही बाजू सारख्या तापतील, आणि जमेल तितकी हवा काढली.

प्रश्न : वस्तुमान नसताना सूर्याजवळून जाणारा तारकाप्रकाश वाकतो कसा?
– वाचक, इचलकरंजी

उत्तर : गुरुत्व फक्त वस्तुमानाला ओढत नाही, ते अवकाश-काळच वाकवतं आणि प्रकाश त्या वाटेने जातो. नुसत्या न्यूटनच्या हिशेबाने सूर्याच्या कडेला ०.८७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वाकण येतं, आइनस्टाइनच्या हिशेबाने १.७५. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात घेतलेली मोजमापं दुसऱ्या आकड्याच्या बाजूने गेली.