अहवालातला आकडा आणि गोणीतले खत

प्रश्न : नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ आमची दोन एकर काळी जमीन आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२ आणि जस्त ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत ०.४ भाग) आले असून, सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ३० किलो पालाश सुचवले आहे. यावरून खत किती घ्यावे? शेजारी चुनाही टाका म्हणतात.

उत्तर : चुना मुळीच टाकू नये. तो आम्लधर्मी जमिनीचा उपाय आहे आणि सामू ८.२ म्हणजे तुमची जमीन अल्कधर्मी आहे. तुमच्याकडे त्याने स्फुरद आणि जस्त आणखी अडकून बसतील.

शिफारशीतील किलोंना गोणीवर छापलेल्या टक्केवारीने भागून शंभराने गुणले की खताचे वजन मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के असल्याने ७५ किलोंसाठी हेक्टरी सुमारे ४६९ किलो खत लागते आणि अडीच एकरांचा हेक्टर धरल्यास तुमच्या दोन एकरांना ३७५ किलो, म्हणजे ५० किलोंच्या साडेसात गोण्या पुरतात. त्यातून सुमारे ४१ किलो गंधकही मिळते, जे तेलबियांना हवेच असते. याच रीतीने दोन एकरांना नत्रासाठी ४६ टक्क्यांचा युरिया ५२ किलो आणि पालाशसाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश ४० किलो येते. मात्र काळ्या जमिनीत पालाश बहुधा मुबलक असते, तेव्हा अहवालातील तो रकाना पाहून मगच पोटॅश विकत घ्यावे.

जस्त ०.६ पीपीएम या कमतरतेच्या मर्यादेखाली असल्याने दोन एकरांना २० किलो झिंक सल्फेट द्यावे, पण ते सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता कुजलेल्या शेणखतातून द्यावे.