सकाळी सहाच्या टाळ्या

"मॅडम, हिला तुम्हीच सांगा. घरात कुणाचं ऐकत नाही."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं काय असणार ते ऐकण्याआधीच कळतं. कुणाची बायको, कुणाची बहीण, एका मुलीची तर निवृत्त शिक्षिका आई. वजन कमी करायची पावडर घ्यायला गेली आणि दोन-तीन महिन्यांत तीच पावडर विकायला लागली. वर तिला जोडणारी 'अपलाइन', खाली तिनं जोडलेली 'डाउनलाइन', रविवारी मीटिंग, महिनाअखेरीला मालाच्या खपावरचे पॉइंट. घरच्यांचा प्रश्न एकच असतो: यात काही खरं नाही, हे हिला पटवायचं कसं?

याचं उत्तर मी सुनंदाताईंच्या गोष्टीतून देते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशील गाळलेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.

साताऱ्यात एका फिजिशियनच्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दुपारी सल्ला द्यायला बसते. सुनंदाताईंना डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. वय 43. सहा वर्षं थायरॉइडची गोळी चालू, टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, व्यवस्थित होता, तो अचानक 28 वर गेला होता. हा आकडा चढला म्हणजे गोळी पुरत नाही. केस मूठमूठ गळत होते, जिना चढताना दम लागत होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गोळी चुकवत नाही म्हणते. घरात काहीतरी चाललंय, बघा.'

नवरा एसटी डेपोत मेकॅनिक. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून तीन डबे काढून माझ्या टेबलावर आपटले. "हे खाते. आणि आख्ख्या भावकीला खायला घालते." सुनंदाताई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. भांडण करून करून माणूस थकतं ना, तसा चेहरा.

नवऱ्याला मी अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं.

इथं एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीच्या काळात अशाच एका तरुणाला मी पहिल्या भेटीतच सगळं गणित मांडून दाखवलं होतं. तो परत आला नाही. त्याच्या सेमिनारमध्ये त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं, 'जवळचीच माणसं तुम्हाला मागे ओढतील, त्यांच्यापासून लांब राहा.' मी मागे ओढणाऱ्यांतली एक ठरले. आपण जितकं जोरात सांगू तितकं तिथल्यांचं म्हणणं खरं ठरत जातं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून सुनंदाताईंना मी पावडरीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, "सकाळी तिथं गेल्यावर काय काय होतं, ते सांगा."

त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. पावणेसहाला उठायचं, गोळी घ्यायची, सव्वासहाला पावडरवाल्यांच्या क्लबच्या गाळ्यावर पोचायचं. अर्धं वर केलेलं शटर, आत पंधरा-वीस खुर्च्या, भिंतीवर जाड होत्या-बारीक झाल्या असे फोटो. आधी गरम पेय, मग शेक. मग एकेकीनं उभं राहून सांगायचं, माझं इतकं कमी झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

"आणि पहिल्या दिवशी?"

पहिल्या दिवशी मशिनवर उभं केलं होतं. पर्समधून त्यांनी चिठ्ठी काढली. वर्षभर जपलेली, घडीवर फाटत आलेली. वजन 81. चरबी अमुक टक्के. आणि खाली पेनानं गोल केलेलं: शरीराचं वय 61.

"मॅडम, माझ्या सासूबाई एकसष्टाव्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. नऊ वर्षं मीच करतेय त्यांचं सगळं. तो आकडा बघितला आणि मला त्यांचीच खाट दिसली. त्यावर मी."

घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. वर्षभर सगळे तिला 'कशाला त्या फंदात पडलीस' म्हणत होते. ती कशाला घाबरून गेली होती ते कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मशिनविषयी पुढच्या भेटीत बोललो. तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह जातो, शरीरातल्या पाण्यातून तो किती अडतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधला जातो आणि 'शरीराचं वय' हे त्यावर कंपनीनं बसवलेलं सूत्र असतं. कुठल्याही आजाराचं निदान त्यातून होत नाही. आमच्या दवाखान्यात तसंच एक मशिन आहे. त्यांना सकाळी उभं केलं, चरबी 38.4 टक्के. दुपारी परत उभं केलं, 36.1. "सहा तासांत दोन टक्के चरबी गेली का?" मी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन्ही आकडे त्यांनी जुन्या चिठ्ठीच्या मागं लिहून घेतले.

आता पावडरीबद्दल. "पण मॅडम, माझं वजन कमी झालं होतं. सात किलो. मग ते खोटं कसं?" हा प्रश्न त्यांनीच काढला, आणि तो रास्त आहे. वजन खरंच कमी होतं. 'तसलं काही होत नाही' असं घरचे म्हणतात तेव्हा ते चुकतात आणि त्यांच्यावरचा विश्वास उडतो. सुनंदाताईंचे सकाळचे पोहे आणि रात्रीचं जेवण बंद झालं होतं, त्या जागी दोन शेक. दिवसाला साधारण 600 कॅलरी कमी जात होत्या. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. तीन महिन्यांचा हिशोब कागदावर केला, सात किलो आले. पहिल्या आठवड्यात झपकन उतरलेले किलो-दोन किलो तर बहुतेक पाणीच असतं; पण त्यालाच टाळ्या सर्वांत जास्त पडतात.

"म्हणजे भात कमी केला असता तरी झालं असतं?"

"वेग कमी असता. पण दोन अंड्यांत साधारण 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात, मूठभर फुटाण्यांतही चांगली मिळतात. ती परवडली असती आणि वर्षानुवर्षं चालू ठेवता आली असती."

चौथ्या महिन्यात जेवण सुरू झालं आणि वजन परत चढलं. त्यात थकवा आणि केस गळणं. क्लबमधल्या कोचनं, म्हणजे शेक देणाऱ्या बाईनं, सांगितलं होतं, 'डिटॉक्स होतंय, घाण बाहेर पडतेय, सोडू नका.' या एका वाक्याची मला खरोखर भीती वाटते. बरं वाटलं तर पावडरीमुळे, बरं वाटलं नाही तरी पावडर काम करतेय म्हणून. मग दुखणं सांगायला डॉक्टरांकडे कोण जाणार?

आणि दुखणं खरं होतं. शेकमध्ये सोयाची प्रथिनं होती, कॅल्शियम घातलेलं होतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. सोया आणि कॅल्शियम लगोलग पोटात गेलं तर ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि गोळी यांत तर चार तासांचं अंतर लागतं. ताई गोळी घेऊन अर्ध्या तासात शेक पीत होत्या, रोज, नेमानं. गोळी एकदाही चुकली नव्हती आणि तरी टीएसएच चढत गेला होता. डब्यावरच्या बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलेलं होतं. खाद्य परवान्याचा 14 आकडी नंबरही होता. तोच दाखवून त्या सगळ्यांना सांगायच्या, सरकारमान्य आहे. तो परवाना अन्नपदार्थ बनवायचा-विकायचा असतो. वजन उतरेल, शुगर जाईल असं त्यातून कुणी प्रमाणित केलेलं नसतं. थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये, एवढं मी कळकळीनं सांगते.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना एक शंभरपानी वही दिली. "गेलेले पैसे डावीकडे, आलेले उजवीकडे. मला दाखवायलाच हवी असं नाही."

दोन आठवड्यांनी त्या एकट्याच आल्या. वही समोर ठेवली आणि पदरानं तोंड पुसत बसल्या. अकरा महिन्यांत माल 1,48,000 रुपयांचा. सेमिनार, गाडीभाडं, हॉल मिळून 19,400. गाळ्याच्या भाड्यातला वाटा 12,000. उजवीकडे विक्रीचे 83,200 आणि कमिशन 14,650. कमिशनच्या आकड्याला लाल रेघ मारलेली, कारण दर महिन्याला स्टेजवरून तेवढाच वाचून दाखवला जायचा. दोन्ही बाजूंची वजाबाकी 81,550. महिनाअखेरीला पॉइंट कमी पडले की साखळीतली आपली लेव्हल, म्हणजे पायरी, जाऊ नये म्हणून स्वतःच माल उचलायचा, तो दिवाणात साठलेला. पैसे बचत गटाच्या कर्जातून आणि दोन पाटल्या गहाण ठेवून आणलेले. पाटल्यांचं नवऱ्याला माहीत नव्हतं.

पुढचं गणित त्यांनी स्वतःच केलं. प्लॅनमध्ये 'फक्त सहा जण आणा' असं होतं. सहाचे छत्तीस, 216, 1,296, 7,776, 46,656. सातव्या पायरीला 2,79,936. सातारा शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1 लाख 20 हजार होती. त्या म्हणाल्या, "आमच्या पेठेत आता तीन क्लब झालेत. एकमेकींचीच गिऱ्हाइकं ओढतो आम्ही."

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण घरचे ते विचारतातच. माणसं जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडे 1978 च्या कायद्यानं बंदी आहे आणि डिसेंबर 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजना, म्हणजे खाली माणसं जोडत जाऊन वरच्यांना पैसे मिळणारी साखळी, चालवायला मनाई आहे. थेट विक्री, म्हणजे दुकानाशिवाय माणसानं माणसाला माल विकणं, मात्र बेकायदा नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा: साखळीबाहेरचं गिऱ्हाईक हा माल या भावाला विकत घेतं का, की साखळीतलीच माणसं लेव्हलसाठी घेतात? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. सुनंदाताईंनी करारातली माल परत घेण्याची अट शोधून लेखी अर्ज केला. काही डबे परत गेले, काहींची मुदत उलटली होती.

त्यांना सर्वांत जास्त खात होती ती लाज. 'मी बारावी शिकलेली, मला कळलं कसं नाही?' तेव्हा मी त्यांना अमेरिकेचं सांगितलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2016 साली अशाच साखळीनं माल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला 20 कोटी डॉलर भरायला लावले आणि जवळजवळ साडेतीन लाख लोकांना चेक गेले. साडेतीन लाख बायाबाप्ये काही अडाणी नव्हते. कष्ट करायची तयारी असलेलीच माणसं यात पडतात. आळशी माणूस पहाटे सहाला शटर उघडत नाही.

नवऱ्याला मी नंतर बोलावलं. पाटल्यांचं ताईंनी माझ्यासमोर सांगितलं. ते उठून उभे राहिले, "मी पहिल्यापासून सांगत होतो—" मी त्यांना थांबवलं. "भाऊ, ते खरंय. पण ते वाक्य आता घरात बोलायचं नाही, एवढं माझ्यासाठी करा." आणि ताईंना म्हटलं, वाढदिवसाचं सांगा.

क्लबमध्ये त्यांचा 43 वा वाढदिवस केला होता. बावीस जण. केकवर नाव. "लग्नाला एकवीस वर्षं झाली. केकवर माझं नाव पहिल्यांदा बघितलं. घरी मी 'अगं' आणि 'आई'. तिथं सुनंदा कोच."

भाऊ बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "मी काय करू, ते सांगा."

मला वाटतं, इथून पुढंच खरं काम सुरू झालं. पावडर बंद करा म्हणणं सोपं. पण दिवसातला तो एकच तास बाईला घराबाहेरचा होता, आणि तो काढून घेतला तर ती परत गाळ्यावरच जाणार. आम्ही ठरवलं की सकाळी सहा ते सात सासूबाईंचं सगळं भाऊ बघतील. पहिले आठ दिवस डायपर बदलायला त्यांना जमेना, पण त्यांनी सोडलं नाही. ताई आणि क्लबमधल्याच दोघी अजिंक्यताऱ्याची चढण चढायला लागल्या. गोळीची वेळ सुधारली, टीएसएच उतरला. नऊ महिन्यांनी वजन 75. हळू, पण जेवून.

डाउनलाइनमधल्या सात जणींना फोन करायचं त्यांनीच ठरवलं. चौघी म्हणाल्या, जाऊ दे गं. एकीनं फोन ठेवला. एक अजून क्लबला जाते. सातवी धाकटी जाऊ. तिनं ताईंच्या शब्दाखातर शिलाई मशिनसाठी साठवलेले 6,000 रुपये घातले होते आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. ताईंनी दर महिन्याला पाचशे बाजूला टाकले. गेल्या महिन्यात रक्कम पुरी झाली, तेव्हा त्या तिच्या घरी गेल्या.

"घेतले का तिनं?" मी विचारलं.

"मोजून घेतले. चहा नाही ठेवला." वही पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "परत जाईन मी. दिवाळीच्या आधी एकदा."