मैदानाला पूर्ण फेरी मारली तरी विस्थापन शून्य कसं?

तुमची मुलगी नववीत आहे आणि ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी मारली तर विस्थापन शून्य, हे तिला पटत नाहीये. 'मग मी चालले ते कुठे गेलं?' असं ती विचारते. मी नागपुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दरवर्षी एखादं तरी मूल हेच विचारतं आणि मला फार बरं वाटतं, कारण त्यानं व्याख्या नुसती पाठ केलेली नसते.

तिचं चालणं कुठेही गेलं नाही. ती ४०० मीटर चालली, ते अंतर. विस्थापनात एवढंच बघायचं की निघाली त्या जागेपासून ती आता किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे. ती तर निघाली तिथेच उभी आहे.

घरी करून बघा. फरशीवर खडूनं खूण करा, सुतळीचं एक टोक तिथे दाबून धरा आणि मुलीला सुतळी सोडत पूर्वेला चार फरश्या, मग उत्तरेला तीन फरश्या चालू द्या. वळणावर सुतळी कुणीतरी बोटानं धरायची. सात फरश्या सुतळी लागेल. आता बोट काढा आणि तिला जागेवरूनच सुतळी ताठ ओढायला सांगा. दोन फरश्यांइतकी सुतळी तिच्या हातात जास्तीची येते, खाली उरते पाच. वर्गात इथे कुणीतरी हमखास 'पायथागोरस!' म्हणून ओरडतं. पण नुसतं पाच म्हणून भागत नाही. पूर्वेपासून उत्तरेकडे साधारण ३७ अंश, हेही सांगावं लागतं, कारण विस्थापन सदिश आहे, म्हणजे मापाबरोबर दिशाही असलेली राशी. पेपरात मुलं नेमकी दिशाच विसरतात.

'विस्थापन म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता' असंही तिला सांगू नका. आमच्या नागपुरात झिरो माईलचा जुना दगड आहे, त्यावर इतर गावांची अंतरं कोरली आहेत; जबलपूर १७० मैल, म्हणजे सुमारे २७४ किलोमीटर. आजचा रस्ताही जवळपास तेवढाच भरतो. नकाशावर पट्टी ठेवली तर मात्र जबलपूर साधारण २४० किलोमीटरवर, उत्तरेला, थोडं पूर्वेकडे झुकून. विस्थापन हे पट्टीचं माप. वाटेत घाट आहे की नदी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग तिला एक गणित द्या: तीच फेरी १०० सेकंदांत मारली तर सरासरी चाल किती, सरासरी वेग किती? चाल म्हणजे अंतर भागिले वेळ, ती येईल ४ मीटर प्रति सेकंद; वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ, म्हणून तो शून्य. पुन्हा चिडली तर सुतळी हातात द्या, फरश्यांवर चौकोन चालून खडूच्या खुणेवर परत यायला सांगा आणि म्हणा, आता ओढ ताठ.